खाणमालकाचें मृत्युपत्र

नागपुरांत अमरावती रस्त्यानें विद्यापीठाच्या बाजूस निघालें म्हणजे एक जुनी शिक्षणसंस्था लागते. तिचें नांव लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. परगांवाहून प्रथमच आलेला विद्यार्थी तें नांव वाचतो आणि कोणा भाविकानें आपल्या उपास्य दैवताचें नांव विद्यामंदिराला दिलें असावें, अशी सहज समजूत करून घेतो. ह्या समजुतींत त्याचा कांहीं दोष नाहीं. परंतु ज्यांचें नांव ह्या वास्तूला दिलेलें आहे ते लक्ष्मीनारायण वैकुंठींचे नसून कामठीचे होते. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे खाणमालक. खाणींच्या व्यवसायांत त्यांनीं द्रव्य मिळविलें आणि १९३० सालच्या मृत्युपत्रान्वयें सुमारें ३५ लक्ष रुपयांची संपत्ति नागपूर विद्यापीठाला दिली. ती कशासाठीं, हें त्यांनीं स्पष्ट करून ठेविलें होतें : व्यवहारोपयोगी विज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या शिक्षणासाठीं.

विद्यापीठ त्या वेळीं अवघें सात वर्षांचें होतें. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं झाली आणि सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु झाले. विद्यापीठानें वकील, शिक्षक आणि सरकारी कचेऱ्यांतील अधिकारी तयार करावे, एवढीच त्या काळच्या सुशिक्षित घरांची साधारण अपेक्षा असे. अशा कोवळ्या संस्थेच्या ओटींत एका खाणमालकानें एवढें द्रव्य कां घातलें? मृत्युपत्राच्या कागदांत मनुष्याचें सगळें मन उतरत नाहीं, हें खरें. परंतु त्याच्या व्यवसायाकडे आणि त्याच्या मुलुखाच्या पूर्वेतिहासाकडे पाहिलें तर त्या दानाचा अर्थ हळूहळू उमगूं लागतो. विद्यापीठ आणि उद्योगधंदे यांनीं हातांत हात घालून एखाद्या प्रांतांत नवा उद्योग कसा उभारावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ह्या एका मृत्युपत्राच्या आधारानें आपणांपुढें मांडावा असें मीं योजिलें आहे.

कोणताहि नवा धंदा उभा राहावयाचा म्हणजे माती, पैसा आणि विद्या हीं तीन हवींत. माती म्हणजे जमिनींत आणि जमिनीवर जें निपजतें तें सगळें. नागपूरच्या भाग्यानें हीं तिन्ही येथें कमीअधिक प्रमाणांत होतीं. तथापि तीं एका ठिकाणीं नांदत नव्हतीं. नागपूरची गेल्या दीडशें वर्षांची कथा ही बव्हंशीं त्यांच्या भेटीची आणि चुकामुकीची कथा आहे.

प्रारंभ विद्येपासून करूं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मप्रसार हें त्यांचें मुख्य कार्य. परंतु ह्या गृहस्थाला दगडांचें विलक्षण वेड होतें. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं नागपूरच्या परिसरांतील खडक, कोळशाचे थर आणि अश्मीभूत वनस्पति व प्राणी यांचा कसून अभ्यास केला आणि तो लंडनच्या विद्वानांपुढें ठेविला. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत ते बुडाले. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें, तें आजहि चालू आहे. पुढें भूगर्भशास्त्रज्ञांनीं येथील एका खडकसमूहाला कामठीचें नांव दिलें. तेव्हां कामठीची माती जगाच्या शास्त्रग्रंथांत पोंचली, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र कामठीच्या बाजारांत ह्या ग्रंथांची कोणाला वार्ता नव्हती.

ज्या वर्षीं हिस्लॉप वारले त्याच वर्षीं नागपुरांत मध्यवर्ती पदार्थसंग्रहालय स्थापन झालें. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. तेथें पेंढा भरलेला वाघ आणि जुनीं शस्त्रें पाहावयास मुलांना घेऊन जाण्याची नागपूरकरांची जुनी चाल आहे. ह्याच अजब बंगल्यांत पुढें एक अशी घटना घडली कीं, हिंदुस्थानच्या पोलादाच्या इतिहासांत तिची नोंद झाली. ती सांगण्यापूर्वीं एका गिरणीकडे वळलें पाहिजे.

१ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरांत सुरू झाली. मुंबई सोडून ह्या आडवाटेच्या गांवीं गिरणी काढणें हा त्यांच्या स्नेह्यांना वेडेपणा वाटला. जमशेटजींचा हिशेब मात्र साधा होता. कापूस जेथें पिकतो, कोळसा जेथून जवळ आहे आणि कापडाला गिऱ्हाईक जेथें आहे, तेथें गिरणी असावी. परंतु त्यांचें खरें वैशिष्ट्य जागेच्या निवडींत नसून कामाच्या रीतींत होतें. इंग्लंडांतील गिरण्या जुन्या म्यूल यंत्राला चिकटून असतां, सूत कातण्याची नवी रिंग पद्धति त्यांनीं नागपुरांत प्रयोग करून पाहिली आणि ती फायद्याची ठरतांच मोठ्या प्रमाणावर अंगीकारली. शिकलेल्या तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन, त्यांना गिरणीच्या निरनिराळ्या खात्यांत काम शिकवून वर चढविण्याची वहिवाटहि ह्या गिरणीनें पाडली. कारखाना हीच शाळा, असा तो प्रकार होता. विद्यापीठ नागपुरांत यावयास अजून जवळजवळ अर्धें शतक अवकाश होता.

ह्या गिरणीमुळें जमशेटजींचें लक्ष ह्या मुलुखाच्या भूगर्भाकडे गेलें. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल त्यांच्या वाचनांत आला. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या बाजूस, लोहाऱ्याजवळ उत्तम लोखंडाचे सांठे आहेत, असें त्यांत म्हटलें होतें. पण जवळच्या वरोड्याचा कोळसा भट्टीच्या उपयोगी पडेना; शिवाय खाणींचे सरकारी नियमहि प्रतिकूल होते. विचार तेथेंच थांबला. पुढें वीसएक वर्षांनीं सर दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स वेल्ड यांनीं चांद्याचीं जंगलें पुन्हां पायांखालीं घातलीं. धातु चांगली होती, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकी नव्हती. आतां हा नाद सोडतों, असें सरकारी अधिकाऱ्याला सांगावयास दोराबजी नागपूरच्या सचिवालयांत गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालविण्यासाठीं दोराबजी समोरच्या अजब बंगल्यांत शिरले, आणि तेथें मध्यप्रांताचा एक रंगविलेला भूगर्भनकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यांत द्रुग जिल्ह्याच्या भागांत लोखंडाची खूण दाट रंगानें दाखविली होती. प्रमथनाथ बोस ह्या भूगर्भशास्त्रज्ञानें त्या भागाची पाहणी पूर्वींच करून ठेविली होती.

श्रोतेहो, ही गोष्ट गमतीची म्हणून सांगतात. परंतु तिच्यांत खेदाचाहि भाग आहे. ज्ञान होतें. तें सरकारी खर्चानें मिळविलेलें होतें, छापलेलें होतें, भिंतीवर टांगलेलें होतें. ज्याला त्याची निकड होती तो मनुष्य एक अधिकारी जागेवर नसल्यामुळें, केवळ योगायोगानें त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. एरवीं तो नकाशा आणखी किती वर्षें धूळ खात पडला असता, कोण सांगेल? शेवटीं टाटांचा पोलादाचा कारखाना पूर्वेकडे, जेथें धातु, कोळसा आणि पाणी एकमेकांस जवळ आहेत तेथें, जमशेदपुरास झाला. कंपनी १९०७ सालीं निघाली आणि १९१२ सालीं पोलाद तयार झालें. द्रुगच्या टेकड्यांतील लोखंडाला त्यानंतर जवळजवळ अर्धें शतक वाट पाहावी लागली. तें पुढें भिलाईच्या भट्ट्यांत गेलें.

आतां आपण लक्ष्मीनारायणांच्या व्यवसायाकडे येऊं. १९०० च्या सुमारास नागपूर, भंडारा आणि बालाघाट ह्या जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग हीं नांवें परदेशच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत झळकूं लागलीं. लोखंडाचें पोलाद करतांना त्यांतील गंधकाचा आणि प्राणवायूचा दोष मँगनीज काढून टाकतें. शिवाय शेंकडा बारातेरा मँगनीज घातलेलें पोलाद इतकें चिवट होतें कीं, दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे आणि रेल्वेचे सांधे त्याचे करतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं १८८२ सालीं हा शोध लावला. आमच्या टेकड्यांतील मँगनीजचें सविस्तर शास्त्र लुई फर्मर यांनीं १९०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें आणि ह्या भागांतील एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असें नांव दिलें.

म्हणजे पाहा : दगड आमचा, त्याचें शास्त्र भूगर्भ खात्यानें कलकत्त्यास बसून लिहिलें, त्याचें पोलाद परदेशांत झालें, आणि आमच्या वांट्याला पहार, घमेलें आणि मालगाडी आली. ह्याला कोणाचें कारस्थान कारण होतें असें नाहीं. मँगनीजच्या दगडापासून पोलादाच्या कामाचें मिश्रण करावयाचें तर उत्तम कोक नाहींतर स्वस्त आणि विपुल वीज लागते. मध्यप्रांतांत त्या काळीं दोहोंचीहि वाण होती. त्याहूनहि अधिक वाण होती ती हें काम जाणणाऱ्या माणसांची. त्यामुळें दगड कच्चाच मुंबईच्या, कलकत्त्याच्या आणि १९३३ नंतर विशाखापट्टणमच्या बंदराकडे जात राहिला. कच्चा माल विकणाऱ्याची मान दुसऱ्याच्या हातीं असते. १९२९ च्या अखेरीस जगावर मंदी आली, पोलाद खपेनासें झालें, आणि कोठल्या तरी दूरच्या शहरांतील भट्टी विझली म्हणून रामटेकच्या पलीकडील खाणींवरचा मजूर घरीं बसला.

ह्या मंदीच्या तोंडावरच कामठीच्या खाणमालकाचें मृत्युपत्र झालेलें आहे. खाणीचा पैसा कायमचा नसतो, हें खाणमालकाइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? धान्याचें शेत पुढल्या वर्षीं पुन्हां पिकतें. खाणींतून काढलेला दगड पुन्हां उगवत नाहीं. जी संपत्ति एकदांच निघावयाची, ती जाण्यापूर्वीं तिच्यांतून कांहीं टिकाऊ वस्तु निर्माण करावी, हा विचार त्या दानांत मला स्पष्ट दिसतो. मातींतून आलेला पैसा त्यांनीं विद्येकडे वळविला. तिन्ही वस्तु प्रथमच एका कागदावर आल्या.

कागदावरून त्या जमिनीवर येण्यास १२ वर्षें लागलीं. १९४२ सालीं विद्यापीठानें लक्ष्मीनारायणांच्या नांवाची संस्था स्थापन केली. महायुद्ध पेटलेलें होतें आणि त्याच वर्षाच्या ऑगस्टांत चिमूर व आष्टी येथें रक्त सांडलें. अशा काळांत एक तंत्रशास्त्राची शाळा सुरू होणें ही लहान गोष्ट नव्हे. मोठीं दानें फळास येण्यास वेळ लागतो, ह्याचा दाखला जमशेटजींच्याहि कार्यांत आहे. संशोधनासाठीं विद्यापीठ काढण्याची त्यांची योजना १८९८ ची. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेला सरकारी मंजुरी मिळाली १९०९ सालीं, आणि तीहि त्यांच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं.

नागपूरच्या संस्थेंत शिकवावयाचें काय? तर रासायनिक अभियांत्रिकी आणि रासायनिक तंत्रशास्त्र. हीं नांवें जड आहेत, पण अर्थ घरगुती उदाहरणानें समजण्यासारखा आहे. आपल्या विदर्भांत कापूस पिकतो, त्यांतून सरकी निघते, सरकींतून तेल. घाणींतून निघालेलें सरकीचें तेल काळपट तांबडें आणि कडसर असतें. रसायनशास्त्रज्ञ चंचुपात्रांत थोडें तेल घेतो, त्यांत दाहक सोड्याचें पाणी ढवळतो. आम्ल भागाचा साबण होऊन तो रंगासकट तळाशीं बसतो आणि वर स्वच्छ तेल राहतें. प्रयोग यशस्वी झाला. पण हेंच दहा टन तेलाच्या टाकींत करावयाचें झालें तर? पात्र वाढलें कीं त्याचें आकारमान घनाच्या हिशेबानें वाढतें आणि पृष्ठभाग केवळ वर्गाच्या हिशेबानें; म्हणून लहान पात्र हवेंतच निवतें, मोठी टाकी निवत नाहीं. ढवळणें सगळीकडे सारखें होत नाहीं, साबण लवकर बसत नाहीं, त्याच्याबरोबर चांगलें तेलहि वायां जातें. चंचुपात्र आणि टाकी यांच्यामधलें हें अंतर तोडण्याचें शास्त्र म्हणजे रासायनिक अभियांत्रिकी. पुढें ह्या संस्थेंत तेलें, कागद, अन्नपदार्थ, रंग व लेप, प्लास्टिक, खनिज तेलापासून होणारीं रसायनें अशा शाखा झाल्या. त्यांतील तेल, कागद आणि अन्नपदार्थ ह्यांचा माल म्हणजे सरकी, जवस, चांद्याचा बांबू आणि नागपूरचें संत्रें. तो ह्या मुलुखाच्या अंगणांतलाच आहे.

मग एवढ्यानें काम झालें काय? धनिकानें द्रव्य दिलें, विद्यापीठानें संस्था काढली, प्राध्यापक आले, विद्यार्थी आले; आतां उद्योग आपोआप उगवावा, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. ती कां फळत नाहीं हें समजण्यासाठीं आपणांस घटकाभर जर्मनींत जावें लागेल.

येना हें जर्मनींतील एक लहानसें विद्यापीठाचें गांव. तेथें खाण नाहीं, बंदर नाहीं. १८४६ सालीं कार्ल त्साइस नांवाच्या कारागिरानें तेथें सूक्ष्मदर्शक यंत्रें करण्याचें दुकान घातलें. भिंगें घासून पाहावयाचीं, जमलीं तर ठेवावयाचीं, न जमलीं तर टाकावयाचीं, अशी त्या काळची रीत होती. त्साइस यांना ती असह्य झाली. १८६६ सालीं ते विद्यापीठांतील एर्न्स्ट आब्बे ह्या तरुण अध्यापकाकडे गेले आणि म्हणाले, भिंग कसें असावें हें आधीं गणितानें सांगतां येईल काय? आब्बे यांना उत्तर शोधण्यास कांहीं वर्षें लागलीं आणि पहिल्या प्रयत्नांत अपयशहि आलें. परंतु १८७३ पर्यंत त्यांनीं सूक्ष्मदर्शकाची उपपत्ति सिद्ध केली. मग ध्यानांत आलें कीं, गणिताला हवी तशी कांचच बाजारांत मिळत नाहीं. तेव्हां ऑटो शॉट ह्या कांचेच्या रसायनज्ञाला बोलावून १८८४ सालीं कांचेचा कारखाना काढला. १८८९ सालीं आब्बे यांनीं एक विश्वस्त निधि स्थापन केला आणि पुढें आपली मालकी त्याच्याकडे सोंपविली. धंद्याच्या उत्पन्नांतून विद्यापीठाला द्रव्य मिळूं लागलें, आणि १९०० सालीं त्या कारखान्यांत आठ तासांचा दिवस सुरू झाला.

नागपूर आणि येना यांतील भेद येथें दिसतो. नागपुरास द्रव्य आधीं आलें, प्रश्न मागून यावयाचा होता. येनास प्रश्न आधीं आला. कारखान्याची अडचण विद्यापीठाचें दार ठोठावीत आली आणि तिचें उत्तर घेऊन पुन्हां कारखान्यांत गेली. ही ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालली. पुढें कॅलिफोर्नियांतहि हाच क्रम दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील फ्रेडरिक टर्मन ह्या अध्यापकाच्या उत्तेजनानें ह्यूलेट आणि पॅकर्ड ह्या त्याच्या दोन विद्यार्थ्यांनीं १९३९ सालीं तेथेंच धंदा काढला आणि १९५१ सालीं विद्यापीठानें आपली जमीन कारखान्यांसाठीं खुली केली. आपल्याकडे मुंबईचें उदाहरण जवळचें आहे. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला, तेव्हां त्यांत दोनच अभ्यासक्रम होते. पैकीं एक कापडाच्या रसायनाचा. त्या वेळचे कुलगुरु विठ्ठल चंदावरकर हे स्वतः गिरणीधंद्याचे जाणते होते. गिरण्यांचीं धुराडीं विभागाच्या खिडकींतून दिसावीं इतकीं जवळ. कापडाला रंग पक्का बसत नाहीं, ही तक्रार सकाळीं गिरणींत झाली तर संध्याकाळीं ती विभागांत पोंचूं शकत होती.

नागपूरचें काय झालें? सरकारी कृपा झाली नाहीं, असें कोणी म्हणूं नये. भारतीय खाण विभागाची १९४८ सालीं स्थापना झाली, त्याचें मुख्य कार्यालय येथें आहे. १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधनसंस्था आली, तीच आजची नीरी. १९६० सालीं विश्वेश्वरय्यांच्या नांवाचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. १९६२ सालीं मँगनीजच्या खाणी चालविणाऱ्या इंग्रज कंपनीची जागा सरकारी भागीदारीच्या कंपनीनें घेतली आणि तिची मुख्य कचेरी नागपुरांतच राहिली. १९८९ सालीं ॲल्युमिनियमच्या संशोधनाचें केंद्र वाडीला झालें. हिंगणें आणि बुटीबोरी येथें औद्योगिक वसाहती वसल्या. दुसऱ्या बाजूस १९५६ सालीं राजधानीचा मान गेला, आणि ज्या एम्प्रेस मिलनें ह्या शहराला यंत्रयुगाची दीक्षा दिली तीहि पुढें बंद पडली.

विद्वत्तेच्या इतक्या संस्था एका शहरांत असणें ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आपल्यापैकीं अनेकांच्या घरचा अनुभव काय सांगतो? मुलगा येथें शिकतो, पदवी घेतो, आणि पेढे वांटून होतात न होतात तों मुंबईची, पुण्याची नाहींतर बडोद्याची गाडी पकडतो. आतां मुलीहि त्याच गाडीनें जातात. लक्ष्मीनारायण संस्थेचे विद्यार्थी देशांत आणि देशाबाहेर मोठ्या कारखान्यांच्या प्रमुखपदीं पोंचले, ह्याचा आनंद कोणास होणार नाहीं? तरी मनांत एक शंका डोकावते. एके काळीं आम्ही दगड कच्चा पाठवीत होतों. आतां आम्ही शिकविलेलीं माणसें पाठवितों. गाडी तीच, दिशाहि तीच.

येथें एक आक्षेप येतो आणि तो क्षुल्लक नाहीं. विद्यापीठ ही ज्ञानाची उपासना करणारी संस्था. तिनें व्यापाऱ्याच्या दारीं कां उभें राहावें? आज तो म्हणेल तें संशोधन, उद्यां तो म्हणेल तो निष्कर्ष! ही भीति खरी आहे. परंतु येनाचा इतिहास असें सांगतो कीं, कारखान्याच्या प्रश्नानें आब्बे यांचें शास्त्र हलकें झालें नाहीं; उलट प्रकाशाच्या गुणधर्माविषयीं एक मूलभूत सिद्धान्त त्यांतूनच निघाला. प्रश्न व्यापाऱ्यानें आणावा, उत्तर शास्त्रानें द्यावें, आणि तें उत्तर व्यापाऱ्यास न रुचलें तरी छापण्याचें स्वातंत्र्य विद्यापीठानें आपल्याकडे राखावें. एवढा करार आधींच स्वच्छ असला कीं बहुतेक तंटे टळतात.

हल्लीं भागीदारी हा शब्द पुष्कळ ऐकूं येतो. २०१६ सालीं नागपुरांत भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. ज्या योजनेखालीं ती निघाली तींत केंद्र सरकारचा वांटा शेंकडा ५०, राज्याचा ३५ आणि उद्योगपतींचा १५ असा ठरविलेला आहे. येथील उद्योगभागीदारांत टाटांची संगणककंपनी आहे. ज्या घराण्यानें १८७७ सालीं येथें चाती फिरविली त्याच घराण्याचें नांव पुन्हां ह्या शहराच्या विद्येशीं जोडलें गेलें, हा योग मनोहर खरा. संस्थेचें आवार बुटीबोरीच्या बाजूस वारंगा येथें आहे. हिस्लॉप ज्या टाकळघाटाजवळ बुडाले तो प्रदेश तेथून दूर नाहीं. आणि २०२३ सालीं खुद्द लक्ष्मीनारायणांच्या संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मृत्युपत्रांतील इच्छा ९३ वर्षांनीं अशी वाढीस लागली.

परंतु शेंकडेवारीनें भागीदारी होत नाहीं. पंधरा टक्के रक्कम भरणारा कारखानदार जर आपली अडचण कुलपांत ठेवील, तर त्यानें केवळ वर्गणी दिली असें होईल. आणि अध्यापक जर वर्षांतून एकदांहि कारखान्याच्या तेलकट जमिनीवर उभा राहणार नसेल, तर त्याचा विद्यार्थी परीक्षेंतील प्रश्न सोडवील, सरकीच्या टाकींतला सोडवूं शकणार नाहीं. हिंगण्याच्या एखाद्या लहान कारखानदाराला आपला माल वारंवार कां नासतो हें समजत नाहीं, आणि तेथून थोड्या मैलांवर त्याचें कारण सांगूं शकणारा प्राध्यापक फळ्यावर समीकरण लिहीत उभा आहे, असें चित्र जोंपर्यंत संभवतें तोंपर्यंत अजब बंगल्यांतील नकाशा अजून भिंतीवरच टांगलेला आहे असें समजावें. दोराबजींसारखा कोणी योगायोगानें आंत शिरेल, ह्यावर शहराचें भवितव्य सोंपवितां येत नाहीं.

श्रोतेहो, दाता आपलें काम करून गेला. त्याच्याजवळ होता तो पैसा त्यानें दिला. त्याच्याजवळ नव्हती ती विद्या, म्हणून ती निर्माण करण्यासाठींच तो दिला. उरलेलें काम द्रव्यानें होण्यासारखें नाहीं. तें कारखानदारांनीं आपला प्रश्न घेऊन विद्यापीठाची पायरी चढण्याचें आहे, आणि प्राध्यापकांनीं ती उतरण्याचें आहे. आपल्या घरीं तंत्रशास्त्र शिकणारा मुलगा वा मुलगी असेल तर आज जेवतांना त्यांना सहज विचारून पाहा : ह्या शहरांतला एखादा तरी कारखाना आंतून पाहिला आहे काय, आणि त्याची अडचण कोणती तें ठाऊक आहे काय? उत्तर 'नाहीं' असें आलें, तर त्यांना रागावूं नका. तो प्रश्न त्यांच्या महाविद्यालयाला आणि आपल्या ओळखीच्या कारखानदाराला विचारा.